मेश्रामकाकांचा काटा

मेश्रामकाका माणसाला नावाआधी वजन विचारतात. मला त्यांनी ते छातीइतक्या पाण्यात विचारलं.

"ताई, तुमचं वजन किती हाय?"

मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. कंबरदुखीपायी धरमपेठेतल्या एका फिजिओथेरपी केंद्रात, कोमट पाण्याच्या टाकीत पहिल्यांदाच उतरले होते. समोर पांढरा बनियन घातलेला एक उंच म्हातारा गंभीर चेहऱ्यानं उत्तराची वाट पाहत होता. मी तोंड फिरवलं. "उतरताना पाह्यलं मी," ते म्हणाले, "साठाच्या खाली नाही." ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

काकांची सगळी नोकरी कळमेश्वरला, एका कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. त्यामुळे कशावरही त्यांचं एकच उत्तर: "काट्याले विचारा." दुखणं कमी आहे म्हटलं तरी काट्याले विचारा. टाकीला ते हौद म्हणतात आणि तरंगायला दिलेल्या फोमच्या लांब नळ्यांना शेवया. लाल शेवई त्यांची. ती दुसऱ्यानं घेतली की काका भांडत नाहीत, नुसते कठड्याला धरून उभे राहतात आणि घेणाऱ्याला ओशाळं करून सोडतात.

आमची फिजिओथेरपिस्ट सायली आम्हाला पाण्यात पुढे, मागे, आडवं चालवते, पोट आत घेऊन गुडघे उचलायला लावते. "पाण्यात वजन उतरतं, म्हणून कमरेवर भार येत नाही," असं ती एकदा म्हणाली आणि फसली.

"उतरते म्हणजे जाते कुठी, बेटा? एक पोतं कमी भरलं तं मालक माह्या मानेवर बसे. वजन कुठी जात नसते."

हा वाद रोजचा. आणि निघताना रोजचा प्रश्न: "आता किती उचलू?"

"अर्धी बादली, काका."

काका मान हलवून जात. एक दिवस मी वैतागून विचारलंच, "एवढं काय उचलायचंय हो तुम्हाला?"

"आमच्या बुढीले," ते म्हणाले.

काकूंना लकवा मारला, डावं अंग गेलं. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर काकाच उचलत. एक दिवस त्यांच्याच कमरेत अशी चमक भरली की ते खाली बसले. आता पगारी बाई आणि शेजारपाजारचे उचलतात.

"चांगले उचलतेत, तक्रार नाही. पण लोकायनं हात लावला का बुढी डोळे मिटून घेते. मी उचलत होतो तवा गोष्टी सांगे." काकांनी टॉवेलची घडी केली, मोडली. "तुमचं वजन काहून विचारलं? बुढी तुमच्याएवढीच हाय. तुम्ही उतरून राहिल्या होत्या तं मनात आलं, आपल्याच्यानं झालं असतं का."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या आठवड्यात सायलीनं खरं काय ते सांगून टाकलं. कंबर बरी होईल, पण काकूंना उचलणं आता कायमचं बंद. काका वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी लाल शेवई जागेवर ठेवली आणि कठडा धरून उभे राहिले.

"घरी नाही, पण इथे उचला ना," सायली म्हणाली. "काकूंच्या डॉक्टरांना विचारते मी. तुम्ही आणा त्यांना."

"वजन कुठी जात नसते, बेटा," काका म्हणाले. पण आणलं.

टाकीच्या उतारावरून सायली आणि मदतनीस बाईनं काकूंची चाकाची खुर्ची सावकाश पाण्यात नेली. काकूंचे डोळे गच्च मिटलेले. पाणी छातीला लागलं तशी सायली म्हणाली, "काका, घाला हात."

काकांनी एक हात पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली. दात आवळले, पाय रोवले आणि जोर लावला. काकू इतक्या अलगद वर आल्या की काकांचाच तोल गेला. सायलीनं त्यांना मागून सावरलं. हातातली बायको त्यांनी सोडली नाही.

काकूंनी डोळे उघडले. शब्द त्यांना जड जातात. ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले.

"किती... भरली मी?"

आमच्या सगळ्यांची वजनं नजरेनं सांगणाऱ्या काकांनी काकूंना हातांवर जरा वरखाली करून पाहिलं.

"काटाच हालत नाही वं," काका म्हणाले.