चाळीस सेकंदांची बासरी

हनुमंत ठोंबरेला बायकोशी फोनवर बोलता येत नसे. म्हणजे जीभ होती, फोन होता, बायकोही होती. पण तिन्ही एका वेळी जमत नसत.

रांजणगावच्या एका कंपनीत तो टाइम ऑफिसला क्लार्क होता. सातशे माणसं किती वाजता आत आली आणि किती वाजता बाहेर पडली, हे त्याला तोंडपाठ. त्याचं स्वतःचं माणूस मात्र चार वर्षांपूर्वी बाहेर पडलं होतं ते अजून आत आलं नव्हतं. धनश्रीला शिक्षिकेची नोकरी लागली ती थेट सिंधुदुर्गात, एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत. लग्नाला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. तेव्हापासून कारेगावच्या दोन खोल्यांत हनुमंत, त्याची आई कुशाबाई आणि कुशाबाईने वरवंडहून हट्टाने आणलेली एक मेंढी असा संसार चालला होता. (मेंढी कशाला, असं विचारलं तर कुशाबाई म्हणायची, "घरात कुणीतरी बोलणारं नको व्हय?")

धनश्रीच्या वाडीला रेंज नव्हती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती तालुक्याला यायची, बाजार करायची, तासभर सायबर कॅफेत ऑर्कुट (त्या काळचं फेसबुक) बघत बसायची आणि मग कॉइन बॉक्सवरून फोन लावायची. हनुमंत आठवडाभर त्या फोनची वाट बघायचा. सोमवारपासून मनात वाक्यं जुळवायचा. आणि शनिवारी फोन आला की बोलणं हे असं:

"जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"मीबी. पाऊस हाय का?"

"न्हाई. तिकडं?"

"लई."

"बाकी काय?"

बाकी काय म्हटलं की कॉइन बॉक्स टुकटुक करायचा, आणि बाकी सगळं बाकीच राहायचं.

दोन हजार नऊ सालच्या श्रावणातल्या एका शनिवारी मात्र धनश्री घाईघाईने म्हणाली, "बदलीचे फॉर्म निघालेत. पुणे जिल्हा मागता येतोय. पर ज्येष्ठता जाती. इथली चार वर्सं धरणार न्हाईत, तिकडं यादीत सगळ्यांच्या खाली बसायचं. भरू का नको?"

आता हा प्रश्न ज्येष्ठतेचा नव्हता, हे कुणाही शहाण्या नवऱ्याला कळलं असतं. हनुमंत म्हणाला, "तुला योग्य वाटंल तसं कर."

पलीकडून फक्त कोकणातला पाऊस ऐकू आला. मग फोन कट झाला.

कुशाबाई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आरं, आमीबी मेंढरं घेऊन कोकणात जात हुतो. दिवाळी झाली की निघायचं आन् पाऊस पडायच्या आत माघारी. पर बिऱ्हाड संगं असायचं. घोड्यावर पोरं, कोंबड्या, समदं. तुज्या बापानं मला कवा एकटीला धाडली न्हाई. ही पोरगी चार वर्सं एकटी ऱ्हायली, आन् तू म्हनतो योग्य वाटंल तसं! मेंढराला तरी हाळी घालत्यात रं, ये म्हनून."

हे हनुमंताच्या काळजाला लागलं. फोनवर जे बोलता येत नाही ते व्हिडिओत बोलायचं, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुशाबाई वरवंडला भावकीत गेली होती. घरात दुसरं कुणी नाही, हे पाहून हनुमंताने आपला चायना मोबाइल समोर धरला आणि घर दाखवत चार मिनिटं बोलला.

आणि काय बोलला! माणूस चार वर्षं गप्प बसला म्हणजे साठतं किती. हा ओटा, हे तुझं उंचावरचे डबे काढायचं स्टूल, हा आरसा, याच्यावरची तुझी टिकली मी काढलेली नाही, असं सुरू झालं आणि थांबता थांबेना. मोबाइल बंद करून त्याने घाम पुसला. नंतर एकदा ऐकून पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. बायकोला हे पाठवायचं? हे?

पण व्हिडिओ तर पाठवायचाच होता. मग त्याने मधला मार्ग काढला. (मधले मार्ग काढणारी माणसं मधेच अडकतात, पण हे त्याला कोण सांगणार.) घर दिसू द्यायचं, बोलणं झाकायचं. वर म्युझिक टाकायचं.

शिरूरला महेंद्रचं सायबर कॅफे होतं. महेंद्र म्हणजे तालुक्यातला हरहुन्नरी माणूस. लग्नाचं शूटिंग, मिक्सिंग, फॉर्म भरणं, पत्रिका, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. हनुमंताचं ऑर्कुटचं खातंही त्यानेच उघडून दिलं होतं.

"आवाज पार बंद कर," हनुमंत म्हणाला. "आन् वरनं म्युझिक टाक. जरा मनाला लागंल असं."

"मनाला लागणारंच हाय भाऊ माझ्याकडं," महेंद्र म्हणाला आणि त्याने टाकलं. हनुमंताला ड्यूटीला जायचं होतं. तो न ऐकताच गेला.

व्हिडिओ ऑर्कुटवर चढला. हनुमंत रोज शिफ्ट सुटली की कारेगावहून शिरूरला जायचा, महेंद्रकडे एक कॉम्प्युटर धरायचा, आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघायचा (कॅफेत माणसं असत) आणि परत यायचा. शनिवारी दुपारी तो फोन मांडीवर घेऊन बसला. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. मेंढीसुद्धा ओरडून दमली. फोन आला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा शनिवारचा फोन आला नाही.

संध्याकाळी तो शिरूरला धावला. व्हिडिओखाली आकडा होता एकतीस.

"एकतीसदा बघितला तिनं!" हनुमंत म्हणाला.

"भाऊ, तीस तुमचेच हायती," महेंद्र म्हणाला. "वहिनींनी एकदाच बघितलाय. आन् स्क्रॅप टाकलंय बघा."

स्क्रॅप, म्हणजे ऑर्कुटवरची सगळ्यांना दिसणारी चिठ्ठी, चार शब्दांची होती. "समजलं. फॉर्म भरत नाही."

हनुमंताला काही कळेना. तेव्हा त्याने पहिल्यांदा कानाला हेडफोन लावून आपला व्हिडिओ ऐकला. ओटा आला, आरसा आला, उंबरा आला, आणि त्यावर सुरू होती सनई. साधी सनई नाही. शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही लग्नाच्या कॅसेटमध्ये शेवटची दहा मिनिटं जी वाजते ती. नवरी आईच्या गळ्यात पडते, बाप फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसतो, आणि जीप हलते, ती पाठवणीची सनई. हनुमंताच्या स्वतःच्या लग्नाच्या सीडीतही तीच होती.

"महेंद्र! ही तर पाठवणी हाय!"

"मग? मनाला लागत न्हाई व्हय?"

"आरं, ती बदलीचं विचारतीया, यायचं का न्हाई म्हणून! आन् मी तिला माझ्याच घराच्या उंबऱ्यावर पाठवणी वाजवून दाखवली!"

महेंद्रने जीभ चावली. कुठल्याही माणसाने अशा वेळी तिथल्या तिथे स्क्रॅप लिहिलं असतं, की फॉर्म भर, ये. हनुमंतानेही लिहायला घेतलं. पण ऑर्कुटवर त्याच्या कंपनीतले चौदा जण होते, सुपरवायझर सोपानराव धरून. त्याने "तुझी फार" एवढं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर हे पाठवलं: "म्युझिक चुकले आहे. दुरुस्त करून टाकतो. बाकी काय."

फॉर्मची शेवटची तारीख येत्या शनिवारनंतरचा सोमवार. म्हणजे धनश्री तालुक्याला येणार तो एकच शनिवार हातात होता. त्याच्या आत सनई जायला हवी होती.

"एकदा चढलेल्या व्हिडिओचं नुसतं म्युझिक बदलता येत न्हाई," महेंद्र म्हणाला. "तो काढायचा, पुन्हा पहिल्यापास्नं मिक्सिंग करायचं, पुन्हा चढवायचा. मिक्सिंगलाच दोन तास सलग लाइट पायजे."

दोन तास सलग लाइट! त्या वर्षी शिरूरला दोन तास सलग लाइट मागणं म्हणजे ऐन उन्हाळ्यात विहिरीला तुडुंब पाणी मागणं. सोमवारी गेली ती गेलीच. मंगळवारी मिक्सिंग निम्मं झालं आणि लाइट गेली, केलेलं सगळं पुसलं गेलं. बुधवारी हनुमंताला डबल ड्यूटी लागली. गुरुवारी महेंद्रला पाबळला बारशाचं शूटिंग होतं. या चार दिवसांत हनुमंताने किती माणसांची हजेरी चुकवली याला हिशेब नाही. सहाशे चौदा नंबरचा कामगार, त्याच्या रजिस्टरप्रमाणे, सलग तीन दिवस कंपनीतच राहिला होता.

धनश्री त्या टिकलीच्या आरशात पुन्हा कधी बघणारच नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं. त्याच्या ताटात उरलेली भाकरी कुशाबाई मेंढीला घालायची.

शुक्रवारी संध्याकाळी महेंद्रने बासरी काढली. गोड, साधी, पाण्याच्या झऱ्यासारखी. सनई काढली, बासरी बसवली, आणि तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस पीं पीं करायला लागला.

"धा मिनटं चालंल," महेंद्र ओरडला. "ऐका पटकन, आन् सांगा!"

हनुमंताने सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकलं. ओट्यावर बासरी, डब्यांवर बासरी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "झकास! चढव!"

व्हिडिओ चढला आणि पाठोपाठ यूपीएसने मान टाकली. हनुमंत त्या दिवशी चार वर्षांत प्रथमच शीळ घालत कारेगावला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाइम ऑफिसात बसला तर पहिल्या शिफ्टचा पहिलाच कामगार कार्ड पुढे करून म्हणाला, "काय हनुमंतराव, कंच्या कुशीवर झोपला?"

हनुमंताने लक्ष दिलं नाही. दुसरा म्हणाला, "आमच्या मंडळीलाबी सांगितलं, बांगड्या वाजवत जा." तिसरा नुसताच हसला. आणि नऊ वाजता सोपानराव सुपरवायझर आत आले, दार लोटलं आणि म्हणाले, "ठोंबरे, अहो चांगलं बोललात तुम्ही. आमच्या मंडळी रडल्या. पण ते इंटरनेटवर कशाला हो?"

मग हनुमंताला उलगडा झाला. महेंद्रकडची ती बासरी होती चाळीस सेकंदांची. ती संपली की पुन्हा जोडायची असते. लाइटच्या धांदलीत महेंद्रने ती जोडली नव्हती, आणि बासरी संपल्यावरचा खालचा आवाज बंद करायलाही विसरला होता. चाळीस सेकंद बासरी, आणि पुढची तीन मिनिटं वीस सेकंद एकटा, उघडा, हनुमंत ठोंबरे:

"...तू गेल्यापास्नं मी त्या कुशीवर झोपलोच न्हाई. तिकडं वळलं की जागा रिकामी दिसती. आई भाकरी करती, बरी करती, पर तू थापताना बांगड्या वाजायच्या, ते न्हाई. घरात आवाजच न्हाई गं. मी फोनवर काय बोलू? आई शेजारी असती. ती ज्येष्ठता गेली तर जाऊ दे. मी रोज सातशे माणसं आत घेतो, आन् तुझीच वाट बघतो. फॉर्म भर. ये. मला न्हाई जमत एकट्याला."

हाफ डे टाकून तो घरी आला. तोवर बातमी कारेगावात पोचली होती. शेजारच्या झुंबरबाईच्या मुलाने मोबाइलवर सगळ्या आळीला ऐकवलं होतं. कुशाबाई दारातच बसली होती.

"भाकरीला आवाज लागतो व्हय रं तुला?" ती म्हणाली. "मग आजपास्नं तूच थाप, आन् तूच वाजव." आणि तिने तोंड फिरवून मेंढीला पाला घातला. (ती हसत होती, असं झुंबरबाई नंतर सांगत असे. पण हनुमंताला पाठ दिसत होती.)

निमूटपणे तो आत गेला. खिचडीचा कुकर चढवता चढवता त्याने घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले. धनश्रीने ऐकलं असेल का? ऐकलं असेल तर काय वाटलं असेल? गावभर हसं झालं ते एक वेळ चालेल. पण तिला नाही आवडलं तर? दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"ऐकला," धनश्री म्हणाली.

"कुठवर?"

"शेवटपतुर. तीनदा." ती म्हणाली. "कॅफेत हेडफोन बंद हुता. सगळ्यांनीच ऐकला. आमच्या केंद्रप्रमुख बाईबी हुत्या तिथं. त्यांनी डोळं पुसलं आन् म्हणाल्या, आणा तो फॉर्म हिकडं."

"मग?"

"मग काय, भरला. बाई सोमवारी सोता नेऊन देणार हायत."

हनुमंत भिंतीला टेकला. आईला ऐकू जाईल, झुंबरबाईला ऐकू जाईल, कशाचीच त्याला पर्वा उरली नव्हती. "लई वाट बघितली गं," तो म्हणाला, आणि हे त्याने कोणत्याही म्युझिकशिवाय म्हटलं.

धनश्री म्हणाली, "मीबी."

मग त्याने विचारलं, "त्या फॉर्मात कारण लिवायचं असतं ना? काय लिवलंस?"

"बाई म्हणाल्या, पती-पत्नी एकत्रीकरण लिवा. पर ते तर सगळ्याच लिवत्यात. मी खरं कारण लिवलं."

"काय?" हनुमंताचा जीव कानात गोळा झाला.

"तुमच्या बोलण्याच्या मागं कुकर वाजत हुता. तुम्हाला ध्यानात तरी आलं का? सतरा शिट्ट्या मोजल्या मी, आन् तुम्ही आपले आरसा दाखवताय! मग लिवलं, 'पतीस स्वयंपाकघरात एकटे ठेवणे धोक्याचे आहे.' बाई म्हणाल्या, एवढं सबळ कारण आजपतुर आमच्या तालुक्यातनं गेलं न्हाई. पुरावा म्हणून व्हिडिओची सीडी जोडू म्हणत्यात, साहेबांनी ऐकायला. जोडू का?"

जिल्हा परिषदेचे साहेब, शिपाई, बदली विभागातले सगळे क्लार्क त्याच्या डोळ्यांपुढे बसले आणि कान टवकारून ऐकू लागले.

"जोड," हनुमंत म्हणाला.

"बरं," धनश्री म्हणाली. "आन् आत्ता मागं वाजली ती कितवी?"

हनुमंताने मोजल्या नव्हत्या.