समुद्रासमोरची बॅग

सहलीला निघण्यापूर्वी माणसाने योग्य बॅग निवडावी, याबद्दल दुमत नाही. पोस्टातून निवृत्त झालेले भाऊ याच मताचे होते. आईच्या माघारी त्यांना थोरल्या बहिणीने, ताईने, वाढवलं होतं आणि त्या धबडग्यात तिचा समुद्र पाहायचा राहून गेला होता. आता गुडघे कुरकुरत होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे ओळखून भाऊंनी आगगाडीची, मुक्कामाची सहल ठरवली. ताईने आपली कापडी पिशवी झटकून दाराशी ठेवली.

सामान तपासायला घरी आलेल्या सहल कंपनीच्या व्यवस्थापकाने पिशवी पाहून चष्मा काढला.

"ही पिशवी-श्रेणी. हिला मागच्या अंगाची खोली. खिडकीतून भटारखान्याचं धुराडं दिसतं."

"आणि समुद्र?"

"समुद्र टणक कवचाच्या, चार चाकांच्या, नंबरलॉकच्या बॅगांना. सोयी सामानाच्या प्रतीवर ठरतात. माणसांची प्रत ठरवायला गेलं की भांडणं होतात हो."

भाऊंना पटलं. सरकारी नोकरीत जन्म गेला की शांतपणे सांगितलेली कुठलीही गोष्ट पटते.

दुकानात त्यांनी मोठ्यात मोठी बॅग मागितली. ती ढकलत आणायला दोन माणसं लागली.

"अरे बाळ्या, कपड्यांचे दोन जोड न्यायचेत, बिऱ्हाड नाही!" ताई म्हणाली.

"ताई, तू नुसती बघत राहा. खिडकीत बसून समुद्र बघशील."

गाडीत बॅग बाकाखाली जाईना. तिकीट तपासनीस आला आणि बॅग पाहून अदबीने उभा राहिला.

"एवढ्या प्रतीची बॅग जमिनीवर? शोभतं का तुम्हाला?"

त्याने दोघांच्या बाकावर चादर अंथरून बॅग आडवी केली, उशी दिली, पांघरूण घातलं. बहीणभाऊ दाराशी पिशवीवर आळीपाळीने बसले.

मुक्कामी पोचल्यावर समुद्रासमोरची खोली खरोखरच मिळाली. बॅगेला.

"आणि आम्ही?"

"तुमच्याजवळ काय आहे?" तिथेही हजर असलेल्या व्यवस्थापकाने विचारलं.

ताईच्या हातात पिशवी होती. त्याने धुराड्याच्या बाजूला बोट दाखवलं.

"अहो, पण बॅग आमचीच आहे!"

"नाही कोण म्हणतंय? पण खालच्या श्रेणीला वर प्रवेश नाही."

"मग निदान किनाऱ्यावर तरी जाऊ द्या."

"किनारा कार्यक्रमातून वगळलाय. वाळूत चाकं चालत नाहीत."

ताईला इथवर आणून धुराडं दाखवायचं? मग भाऊंमधला जुना पोस्टमास्तर जागा झाला.

"बॅगेतल्या मालाची श्रेणी कुठली?"

"बॅगेची तीच. तो प्रश्नच नाही."

"ताई, आत बस."

"बॅगेत? मेल्या, वेड लागलं का तुला?"

व्यवस्थापकाने बराच विचार करून आतल्या मालाला हरकत नसल्याचं सांगितलं. ताईने एकदा खिडकीच्या दिशेने पाहिलं, गुडघे पोटाशी घेतले आणि बसली. हवेसाठी चेनमध्ये चार बोटं फट ठेवून भाऊंनी नंबर फिरवला. हमालाने बॅग अलगद वर नेली, खिडकीला लावून ठेवली, दार बंद केलं. व्यवस्थापकाने समुद्रासकट बॅगेचा फोटो काढला.

सकाळी बॅग परस्पर स्टेशनवर पोचती झाली. भाऊंनी घाईघाईने ती उघडली.

"दिसला?"

"कपाट दिसलं," हात धरून उठता उठता ताई म्हणाली. "फट कपाटाकडे होती. समुद्र पाठीमागे होता रे. ऐकला रात्रभर."

भाऊंना रडू आवरेना. ताईनेच त्यांची पाठ थोपटली आणि कपाट खरंच चांगलं होतं, असं सांगितलं.

घरी परतल्यावर फोटो पाहायला शेजारपाजार लोटला. काय चकाकी, काय चाकं, काय तो ऐटदार दांडा! समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी फोटो दोनदा मागून घेतला.

"आत ताई होती," भाऊ कसेबसे म्हणाले.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "म्हणजे आत जागा चांगलीच ऐसपैस दिसते."

ताई आतल्या खोलीत गुडघ्यांना तेल चोळत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. बॅगेच्या दुकानाचा पत्ता मात्र सगळ्यांनी विचारला; ते रविवारीही उघडं असतं. सांगितलेलं बरं, मघापासून तुम्हा वाचणाऱ्यांनाही तेच विचारायचं होतं.