शकूताईंची फुंकर

आमच्या शकूताईंना कुणी अर्धवट श्वास सोडलेला खपत नाही. माझ्या पुतणीच्या वाढदिवसाला तिने मेणबत्ती विझवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ताई म्हणाल्या, "मधीच तुटला. परत." मेणबत्ती पुन्हा पेटवावी लागली.

कामाची सवय, दुसरं काय! आम्ही दोघं आरोग्य पाहणीत आहोत. दर काही वर्षांनी पाचोडपासून मुकुंदवाडीपर्यंत त्याच त्याच माणसांना गाठायचं, यंत्राच्या नळीत फुंकायला लावायचं आणि फुफ्फुसांची ताकद मोजायची. मी लॅपटॉप सांभाळतो, ताई फुंकायला लावतात. "सोडा, सोडा, आणखी सोडा!" त्यांचा आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली माणसंही श्वास सोडत असावीत. जन्मभर विडी प्यालेले म्हातारे हटकून नळी ओढतात. त्यांना ताई बजावतात, "आजोबा, ही सोडायची हाय, ओढायची नाय."

काहींना मात्र कितीही सांगितलं तरी जमत नाही. असल्या चाचण्या आम्ही पूर्वी रद्द करून मोकळे व्हायचो. मग आमच्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की यातल्या पुष्कळांचं डोकंही सांगितलेलं धरेनासं झालेलं असतं, आणि पुढच्या फेरीपर्यंत बहुधा हीच माणसं हयात नसतात. तेव्हापासून ताईंचा आवाज आणखी चढला. ओरडून एकेकाला धरून ठेवायचा त्यांचा बेत असावा.

परवा मुकुंदवाडीच्या शिबिरात ताईंचे यजमान, नाना, आले. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला धिप्पाड गडी. मागच्या फेरीतल्या त्यांच्या दणदणीत फुंकरीचा आकडा ताईंनी अख्ख्या ऑफिसला ऐकवला होता. नाना खुर्चीत बसले, नळी तोंडात धरली आणि नुसतेच ताईंकडे बघत राहिले. ताईंनी परत सांगितलं. नानांनी समजल्यासारखी मान हलवली आणि नळी ओढली. ताई सांगत राहिल्या, पण दर वेळी आवाज उतरत गेला. शेवटी त्या जवळजवळ विनवत होत्या. मला लॅपटॉपमधून मान वर करवेना.

नाना उठले आणि खुर्ची ताईंकडे सरकवली. "तू लई दमलीस. बस घडीभर."

ताई खरंच बसल्या. चाचणी पुसून दुसऱ्या दिवशी घ्यायची का, असं मी हळूच विचारलं.

"नको. जमली नाय, असंच लिहा." नानांच्या ओठावरची लाळ त्यांनी पदराने टिपली. "पण पुढच्या फेरीला यांचं नाव राहू द्या. मी आणते यांना."