आधी सांगणारे मेश्रामकाका

मेश्रामकाका संध्याकाळी सहाला आमच्याकडे येणार असले, की चार वाजता येऊन तसं सांगून जातात. "सहाले येऊन राहिलो." बसा, चहा घ्या म्हटलं तर म्हणतात, "आत्ता नाई. आत्ता फक्त सांगाले आलो."

रायपूरला पंडरीजवळच्या कॉलनीत ते आमचे शेजारी. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये झाली. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. घरातही तेच. भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं, "पोरी, दोन मिनिटांत मिक्सर लावून राहिलो." प्रतिभा, त्यांची मुलगी, आतून म्हणते, "हव." मग मिक्सर. कॉलनी हसते. मीही हसत असे.

प्रतिभा अठ्ठावीस वर्षांची, सरकारी कार्यालयात कामाला. यंदा तिने स्वतःहून ऑटिझमची तपासणी करून घ्यायचं ठरवलं. निदान झालं तर कार्यालयात शांत कोपऱ्यातली जागा मागता येणार होती. मी गाडीने दोघांना घेऊन गेलो. मानसतज्ज्ञ बाईंनी दोन प्रश्नावल्या दिल्या: एक तिला, एक वडिलांना. काका मला म्हणाले, "तुम्ही वाचा अन् लिहा. मी सांगतो."

"अचानक आवाज झाला तर त्रास होतो?"

"नाई."

"ठरलेलं बदललं तर?"

"नाई. गुणाची पोट्टी आहे, तेही लिहा."

शेवटपर्यंत एकही 'हो' आलं नाही.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. प्रतिभाने जवळजवळ सगळीकडे 'नेहमी' लिहिलं होतं.

काकांनी तिचा कागद उचलून पाहिला. "काहून खोटं लिहिलं, पोरी?"

"झूठ नहीं है, बाबा. ऑफिस में रोज़ बाथरूम में कान दबाकर बैठती हूँ."

"रोज?"

"रोज."

मग घरी त्रास का होत नाही, असं बाईंनी विचारलं. काका माझ्याकडे वळले. "हे काय विचारून राहिल्या? घरी कसा होईन? मी सांगूनच लावतो ना मिक्सर. तीन वर्षांची होती, कुकरच्या शिट्टीनं पलंगाखाली शिरली, दिवसभर निघाली नाई. तवापासून सांगतो."

पंचवीस वर्षांचा शेजार. ही सवय रेल्वेची, असंच मी धरून चाललो होतो. एकदाही विचारलं नव्हतं.

काका मला आपली उत्तरं खोडायला सांगू लागले. बाईंनी कागदावर हात ठेवला. "काटिए मत. आपने जो देखा, वही लिखा है."

काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि प्रत्येक 'नाही'च्या पुढे एकच शब्द लिहीत गेले: घरी.