एयांगच्या वर कोण बसणार?

“शनिवारी या पडद्यावर तीनशे नमुने दिसले नाहीत, तर मिशा उतरवीन!” पाक हार्दोयोंनी बायकोला ठणकावून सांगितलं.

“आधी पडदा सरळ लावा,” बू रात्मी म्हणाल्या.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून पाक हार्दोयोंनी दोनच गोष्टींचा ध्यास घेतला होता: हौशी बाटिक मंडळ आणि कॉम्प्युटर. योग्यकर्त्यातल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी मेणाने नक्षी काढलेली कापडं ट्रंकांत पडून होती. म्हणून चार महिने खपून त्यांनी मंडळाची स्वतःची साइट बनवली. फोटो टाका, एकमेकांचं कौतुक करा, गुण मिळवा! शून्य गुणांना ‘नवशिका’, शंभराला ‘गुरू’. ज्याचे गुण जास्त त्याचं नाव वर, हे मशीन आपोआप ठरवणार. शनिवारी वॉर्डाच्या प्रमुख बाई ती बघायला येणार होत्या. पसंत पडली, तर सभागृहाशेजारची रिकामी खोली मंडळाला कायमची मिळणार होती.

मंगळवारपर्यंत सव्वादोनशे फोटो जमले! पाक हार्दोयो गल्लीतून असे चालू लागले, जणू ती त्यांनीच बांधली होती.

बुधवारी फोटो उरले नव्वद. गुरुवारी अकरा!

“बू! आपल्या साइटवर चोर शिरलाय!”

“तिथून चोरण्यासारखं आहे काय?”

पाक हार्दोयोंनी तीनदा पासवर्ड बदलला आणि तासभर स्वतःच साइटबाहेर अडकले. शेवटी ते मीटबॉल-सूपची गाडी लावणाऱ्या पांबुदीकडे गेले. कालपर्यंत त्याचं नाव सर्वांत वर होतं.

“मास पांबुदी, तुझे फोटो कुठे गेले?”

पांबुदीने आधी चहा दिला. मग त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग पुतण्याच्या नोकरीची. अर्ध्या तासाने तो म्हणाला, “साइट फारच सुरेख आहे हं, पाक. फक्त... मी गुरू झालो.”

“मग?”

“आणि एयांग नवशिक्या.”

एयांग सुकाप्ती! एक्याऐंशी वर्षांच्या आजी. अख्ख्या गल्लीच्या बोटांत मेणाची लेखणी त्यांनीच दिलेली. नातीने त्यांचं नाव घातलं, पण फोटो टाकलाच नाही, म्हणून आजी यादीत तळाला! त्यांच्या डोक्यावर बसायचं कोणी? प्रत्येकाने गुपचूप साइटवरून आपले फोटो उतरवून गुण कमी करून घेतले होते. पाक हार्दोयोंना वाईट वाटू नये म्हणून, थोडे थोडे.

“अरे, पण सगळे शून्यावर आलात तरी बरोबरीलाच बसणार की!”

“तेच म्हणतो, पाक. उणे गुण देता येतील का?”

पाक हार्दोयोंनी घरी येऊन एयांगना थेट एक लाख गुण देऊन टाकले. शुक्रवारी सकाळीच नातीचा फोन!

“आजी जेवत नाहीयेत हो! म्हणतात, जन्मात कधी स्वतःची टिमकी वाजवली नाही, आता म्हातारपणी हे काय? नाव काढा आधी!”

नाव काढलं. मग जिथे एयांग नाहीत तिथे आपण कसे राहायचे? संध्याकाळपर्यंत एकूणएक सभासद हात जोडून, माफी मागून, साइटवरून निघून गेला.

शनिवारी प्रमुख बाईंसमोर पडदा उजळला. सभासद: एक. पाक हार्दोयो, गुरू! लोकांचं कौतुक करून करून मिळवलेले त्यांचे गुण तेवढे शिल्लक होते. धरणी दुभंगावी असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. आपल्यामुळे पाक हार्दोयोंची पंचाईत झाली, या शरमेने सगळी गल्ली आपापल्या ट्रंकाच घेऊन आली होती! चटयांवर कापडं पसरली, मधोमध एयांग बसल्या. बाई तासभर कापडांवरून हात फिरवत राहिल्या आणि खोली तिथल्या तिथे दिली.

“एवढं सगळं जमवलंत कसं?” त्यांनी विचारलं.

“पाक हार्दोयोंच्या साइटमुळे!” पांबुदी म्हणाला, आणि चाळीस माना गंभीरपणे हलल्या.

पाक हार्दोयोंची छाती फुगली. आनंदाच्या भरात त्यांनी खिशातून स्वतः रंगवलेला रुमाल काढून एयांगपुढे धरला. एयांगनी तो उलटसुलट करून बराच वेळ पाहिला.

“कापड चांगलं आहे हं,” त्या मायेने म्हणाल्या.

पाक हार्दोयो जन्माने योग्यकर्त्याचेच; नक्षीचं नावही निघालं नाही, त्यातच त्यांना काय ते समजलं! सोमवारपासून नव्या खोलीत एयांगची शिकवणी भरते. ते दाराजवळच्या शेवटच्या चटईवर बसतात, तापल्या मेणाने बोटं भाजून घेतात, आणि अगदी मजेत असतात.