शितं सतरा, पैकी एक अर्धं

रत्नागिरी शहरात दुपारच्या जेवणाचा प्रश्न १९८५ सालापर्यंत पूर्णपणे सुटलेला होता. बारा वाजले की माणूस कचेरीतून, दुकानातून किंवा कोर्टातून उठून घरी जाई, भात जेवे आणि अडीचपर्यंत आडवा होई. या व्यवस्थेविरुद्ध कुणाची तोंडी किंवा लेखी तक्रार नव्हती. अशा सुरळीत चाललेल्या शहरात कमाल होडेकरने जेलनाक्याच्या उतारावर 'रिलॅक्स सँडविच अँड सूप हाऊस' उघडलं.

कमालने कुवेतमध्ये एका कंपनीच्या कँटीनमध्ये नऊ वर्षं रोज सहाशे माणसांचं सूप केलं होतं. त्या नऊ वर्षांत तो तीनदा रजेवर घरी आला. या खेपेला त्याने खुंटीला सदरा अडकवला, तेव्हा सहा वर्षांच्या हफीजाने आईला विचारलं, "हे किती दिवस हायत?" त्यातलं 'हे' कमालला फार लागलं. आता परत जायचं नाही, असं त्याने त्याच संध्याकाळी ठरवलं. त्याची बायको मैमुना व्यवहारी बाई होती. तिने कुवेतची पेटी अर्धीच उघडली, पासपोर्ट वरच ठेवला आणि म्हणाली, "दुकान चालूं दे, मग बाकीची उघडीन."

दुकान साधं होतं. वेताच्या खुर्च्या, कुवेतहून आणलेलं सँडविच भाजायचं यंत्र, आणि भिंतीवर कमालने स्वतः रंगवलेली पाटी: 'आरामात बसा. कुणालाही घाई नाही.' परवाना 'ब' वर्ग, म्हणजे उपाहारगृहाचा. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक कलम होतं, ते कमालने वाचलं नव्हतं. परवान्याची मागची बाजू आजवर कुणीच वाचलेली नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आप्पा बिवलकर आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत त्यांनी कमालला खरं बोलण्याबद्दल सुविचार फळ्यावर लिहायला लावले होते. त्यांच्यापुढे टोमॅटोच्या सूपची वाटी आली. आप्पांनी तिच्याकडे चार मिनिटं प्रेमाने पाहिलं.

"मास्तर, थंड होतंय," कमाल म्हणाला.

"होऊ दे रे. भात आला की घेतो."

कमालने अदबीने सांगितलं, की हे असंच प्यायचं असतं, बरोबर भात नसतो. आप्पांचा चेहरा क्षणभर पोरका झाला. मग ते सावरून म्हणाले, "मला सांगतोस? मी दादरला प्यालोय." त्यांनी सूप संपवलं, वा वा म्हटलं, आणि घरी जाऊन दार लावून भात जेवले.

यात आप्पांचा दोष नव्हता. कोकणात वाटीतून येणारा कुठलाही पातळ पदार्थ भातावर ओतण्यासाठीच जन्माला येतो, आणि नुसता पोटात गेला तर पोट त्याची नोंदच घेत नाही. पण ही गोष्ट उघड बोलावी कुणी? दुसऱ्या दिवशी आप्पा कापडी पिशवी घेऊन आले आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या अध्यक्ष विमलाबाई मोठी पर्स घेऊन आल्या आणि त्यांनीही कोपराच मागितला. मग वकील आले, डॉक्टर आले, पोस्टमास्तर आले. सगळ्यांना कोपराच हवा होता.

वाट्या घासताना कमालला तळाशी भाताची शितं दिसू लागली, तेव्हा त्याला उलगडा झाला. त्याला मनापासून हसू आलं. मग त्याने रघू सुताराला बोलावून फळ्यांचे आडपडदे ठोकून घेतले, असे वाकडेतिकडे, की एका खोलीत एकोणीस कोपरे निघाले. कोपऱ्याकोपऱ्यात शहरातली प्रतिष्ठित माणसं रुमालाखाली डबी उघडून भातावर सूप ओतून सुखाने जेवू लागली.

वर ही मंडळी बाहेर पडून म्हणत, "आम्ही दुपारचा भात सोडला. हलकं वाटतं." ती फॅशन झाली. आप्पांनी वाचनालयात 'भात आणि कोकणाची झोप' या विषयावर व्याख्यान दिलं. महिला मंडळाने भातत्यागाचा ठराव केला. शेजाऱ्यांना कुकरची शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून घरोघरी पहाटे पाचला, कोंबडा आरवत असताना, भात लावला जाऊ लागला.

परवाना कचेरीतले निरीक्षक रावजी शेट्येही रोज येत. त्यांची कातडी बॅग सरकारी होती आणि तिला आंबेमोहोराचा वास येई. एका दुपारी त्यांचा चमचा खाली पडला. ते वाकले, आणि चार नंबरच्या टेबलाखाली त्यांना शिजलेला भात दिसला. ते काही न बोलता वर आले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पलीकडच्या कोपऱ्यातून विमलाबाईंनी मोठ्याने विचारलं, "काय हो, सापडलं का काही?"

आता चारचौघांत सापडलं होतं. रावजींनी दुःखी मनाने बॅग मांडीवर घट्ट धरली आणि पंचनामा सुरू केला. 'भाताची शिते सतरा, पैकी एक अर्धे. स्थिती मऊ.' मग त्यांनी परवान्याची मागची बाजू वाचून दाखवली. ज्या जागेत शिजवलेला भात आढळेल ती जागा उपाहारगृह नसून खानावळ समजावी. खानावळीला 'अ' वर्गाचा परवाना, चाळीस पाट, दोन मोऱ्या आणि स्वतःची विहीर लागते. हे नसल्यास जागेस कुलूप.

"ह्या खोलीत विहीर कुठे खणू, साहेब?" कमालने विचारलं.

"ते तांत्रिक आहे. दुसरा उपाय आहे." रावजींनी पुढचं कलम वाचलं. भात गिऱ्हाइकाने घरून आणला असेल आणि त्याने तसं एका ओळीत लिहून दिलं, तर तो भात जागेचा धरू नये. दंड नाही, शिक्षा नाही. "फक्त एक सही. कुणीतरी म्हणायचं, माझा होता."

दुकानात एकोणीस कोपऱ्यांतून एकोणीस डब्यांची झाकणं हळूच लागल्याचा आवाज आला.

कमाल आप्पांजवळ गेला. त्याला पेटीवरचा पासपोर्ट दिसत होता, आणि हफीजाचं ते 'हे' ऐकू येत होतं. "मास्तर, एक ओळ लिहा. नाहीतर मला परत जावं लागेल."

आप्पांचा हात पिशवीवर होता. "अरे, माझं व्याख्यान झालं ना परवा. अध्यक्ष कोण होते? हेच रावजी." मग म्हणाले, "पण तू घाबरू नकोस. तुला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही."

आणि खरोखरच सोडलं नाही. भात माझा, एवढं सोडून बाकी सगळं लिहून द्यायला शहर धावलं. विमलाबाईंनी मसुदा केला: 'आम्ही खाली सही करणार व आमचे शहर, दुपारचा भात स्वेच्छेने सोडून चुकलो असल्याने सदर दुकानात भात असणे अशक्य आहे.' दोनशे बारा सह्या झाल्या. काहींनी आनंदाच्या भरात दोनदा केली. एवढा पुरावा पाहून रावजींनी निष्कर्ष लिहिला, की सदर शिते कावळ्याने आणली असावीत. कावळ्याने लेखी हरकत न घेतल्यामुळे प्रकरण बंद झालं. त्या दिवशी सगळ्यांना सूप कमालतर्फे होतं.

परंतु निवेदन तीन प्रतींत होतं. एक प्रत फायलीला लागली, एक रावजींनी डबीखाली घालायला घेतली, आणि तिसरी, गुलाबी, नियमाप्रमाणे धान्य वाटप शाखेकडे गेली. तिथे ती कुणीतरी वाचली.

महिन्याभरात हुकूम निघाला. शहरातील नागरिकांनी दुपारचा भात आनंदाने सोडल्याचे सप्रमाण निदर्शनास आल्यावरून, त्यांच्या भावनांचा आदर म्हणून, रेशनवरचा तांदूळ निम्मा करण्यात येत आहे. त्याऐवजी सँडविचच्या सोयीसाठी मैदा मिळेल. ज्यांना भात हवाच असेल त्यांनी 'दुपारी भात खात असल्याचा दाखला' सादर करावा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी अर्जदारास भात खाताना पाहिलेले असावे, आणि ते स्वतः भात खाणारे असावेत.

सही करणाऱ्यांना तक्रार करता येईना, कारण सही त्यांची होती. बाकीच्या हजारोंनी सही केली नव्हती. त्यांचाही निम्मा तांदूळ गेला.

त्या आठवड्यात गंगुबाई दुकानात शिरली. ती उतारावर मासे विकायची आणि आजवर तिने ते दार ओलांडलं नव्हतं. तिने रिकामी पिशवी आप्पांच्या टेबलावर ठेवली. "मास्तर, तुमी भात सोडलाव, बरं केलाव. पन माजा कशाला सोडवलाव?"

"बाई, हा धोरणाचा प्रश्न आहे," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी रुमाल नीट केला.

कमालची मान खाली गेली. त्याचं दुकान या बाईच्या भातावर वाचलं होतं, आणि हे त्याला दिसत होतं. घरी येऊन त्याने मैमुनाला सगळं सांगितलं. तिने भावाला निरोप धाडला, आणि लांज्याकडच्या त्यांच्या शेतातून तांदळाच्या दोन गोणी आल्या. "भात विकायचा नाय," मैमुना म्हणाली, "वर पाव, खाली पाव. सँडविच विकायचा."

'व्हाइट सँडविच' पाटीवर झळकलं आणि गर्दी आवरेना. गिऱ्हाईक वरचा पाव उचलून बाजूला ठेवी, मधल्या भातावर सूप ओते आणि डोळे मिटून जेवे. पावाला कुणी हात लावत नसे. तो आपला परत येई आणि पुढच्या बशीवर चढे. चौथ्या दिवशी तो फारच थकलेला दिसू लागला, तेव्हा कमालने रघू सुताराकडून सागवानी पाव करून घेतले. कडा गोल, वरून बदामी पॉलिश. रावजींनी लाकडी पावाची लांबी-रुंदी मोजली, नखाने वाजवून पाहिला आणि लिहिलं, 'पाव कशाचा असावा याबाबत नियम मौन आहे. टिकाऊ.'

गंगुबाईला कमाल रोज आग्रहाने बसवी. ती कोपऱ्यात जात नसे. ती मधल्या टेबलावर बसून लाकूड उचलून खाली ठेवी, हाताने भात कालवी आणि भुरका मारी. त्या वेळी सगळं शहर आपापल्या वाटीत पाहत असे.

एके दिवशी ती दाखल्याचा अर्ज घेऊन आली. "मी हय जेवतंय. घरात पाच मानसा मैद्याच्या पोळ्या खातंत. दोन सया हव्यात. तुमी समद्यांनी बघितलाव मना."

विमलाबाईंनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. तो त्यांच्या डोळ्यांवर होता. वकील म्हणाले, की मी भुरका ऐकला, पण ऐकीव पुरावा चालत नाही. आप्पा म्हणाले, "मी तेव्हा चिंतन करत होतो."

कमालने गल्ल्यावरचं पेन उचललं. त्याने लिहिलं: 'गंगुबाईला माझ्या दुकानात भात खाताना मी पाहिले. मीही खातो.' आणि सही केली.

सगळे रावजींकडे पाहू लागले. रावजींनी अर्ज हातात घेतला आणि पटकन पालथा घातला. "एकाच सहीचा अर्ज अपूर्ण असतो. अपूर्ण अर्ज वाचायची मला मुभा नाही. तेव्हा कमाल, तू काय लिहिलंयस हे मला माहीत नाही. दुसरी सही झाली, की मात्र वाचावं लागेल. मग बाईला तांदूळ आणि तुला कुलूप."

हे ऐकताच दुकानात केवढं तरी चैतन्य पसरलं. आप्पा उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत? आपण सही केली तर कमालचं दुकान जाईल. हा माझा विद्यार्थी आहे. माझा हात नाही उठणार." विमलाबाईंनी पदराने डोळे पुसले. एकेकाने येऊन कमालची पाठ थोपटली आणि केवळ त्याच्यासाठी आपण गंगुबाईच्या अर्जावर सही करत नसल्याचं वचन दिलं.

"माझ्यासाठी थांबू नका," कमाल म्हणाला. "मी सही केली ती समजून केली. करा कुणीतरी." पण मंडळींनी त्याचं दुकान मोडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि व्हाइट सँडविच थंड होत होतं.

संध्याकाळी हफीजाने आईला पुन्हा विचारलं, "अब्बा किती दिवस हायत?"

"दुसरी सई होयस्तोवर," मैमुना म्हणाली. मग तिने कुवेतची पेटी पूर्ण रिकामी केली, पासपोर्ट तांदळाच्या कणगीच्या तळाशी घातला आणि पेटीत हफीजाचे कपडे भरले. ती व्यवहारी बाई होती आणि तिला शहर ठाऊक होतं.

तो अर्ज अजून 'रिलॅक्स'च्या भिंतीला खिळ्यावर आहे, 'कुणालाही घाई नाही' या पाटीच्या बरोबर खाली. शेजारी दोरीला पेन बांधलेलं आहे. पेन चालत नव्हतं असं कुणी म्हणू नये म्हणून गंगुबाई रोज सकाळी ते स्वतः आपल्या तळहातावर ओढून पाहते. तुम्ही सगळं पाहिलं आहेच, आणि दुपारी काय जेवता ते तुमचं तुम्हाला माहीत. आता कमालची काळजी तेवढी आड येऊ देऊ नका.