पल्लवीच्या पिशवीचा पहारा

आमचे शेजारी मेश्रामकाका दिवसाची सुरुवात विरोधाने करतात. नळाला पाणी आलं नाही, तर विरोध. आलं, तर इतक्या लवकर का आलं म्हणून विरोध. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस. समोर दिसेल त्याच्यावर बोट रोखून म्हणतो, "माझा विरोध नोट करा!" आता मी काय वही घेऊन हिंडते? पण "केला हं नोट" म्हटल्याशिवाय ते जिन्यातून हलत नाहीत. आमच्या वसाहतीतल्या, लखनौच्या वृंदावन योजनेतल्या भाजीवाल्यालाही हे पाठ झालंय. "नोट कर लिया बाबूजी," म्हणून तो चार काड्या कोथिंबीर जास्तच टाकतो.

सगळ्यात मोठा विरोध पोटच्या पोरीला. पल्लवी एमएस्सी झाली आणि वर्षभरासाठी ऑस्ट्रेलियाला निघाली. कशाला, तर स्ट्रॉबेरी तोडायला! काका महिनाभर धुमसत होते.

"ताई, माझ्या बापानं दुसऱ्याच्या वावरात हाडं झिजवून मला शिकवलं. भंडाऱ्याहून लखनौला आलो कशासाठी? पोट्टीनं पुन्हा दुसऱ्याच्या वावरात वाकायला?"

खोटं थोडंच होतं ते. पण पल्लवी म्हणाली, "पापा, मैं अपनी मर्ज़ी से झुक रही हूँ ना," आणि गेली. काकू तर तीन वर्षांपूर्वीच वारल्या. घरात उरले काका आणि त्यांचा विरोध.

परवा सकाळी सहाला दार धडधडलं. माझं दूध गॅसवर. दारात काका, हातातल्या मोबाइलवर पल्लवीचा व्हिडिओ कॉल, चेहरा लालबुंद.

"बीचवर आली आहे! तिकडं साडेदहा वाजले, कामाचा टाइम, आणि ही बीचवर!"

मोबाइलमधून पल्लवीनेच मला समजावलं. रात्री तिकडे पाऊस झाला होता. ओलं फळ तोडत नाहीत, म्हणून सकाळची सुट्टी. दीड महिन्यातली पहिली.

"पावसाची सुट्टी? आमच्याकडं भर पावसात धानाची रोवणी करतात! नोट करा!"

"केलं. आता मला दूध बघू द्या."

कसलं काय! पल्लवी एकटीच आली होती आणि तिला पाण्यात जायचं होतं. सामानाजवळ थांबायला कोणी नाही. म्हणून बाईसाहेबांनी पिशवीसमोर मोबाइल चपलेला टेकवून ठेवला, कॉल चालूच. "पापा, ज़रा बैग देखना!" म्हणाली आणि पळाली.

म्हणजे बघा, लखनौत माझ्या स्वयंपाकघरात बसून हा माणूस ऑस्ट्रेलियातली पिशवी राखतोय! दूध उतू गेलं ते वेगळंच.

"पिशवीच दिसते! पोट्टी कुठं आहे? असा ठेवतात का मोबाइल?" तेवढ्यात एक पांढरा पक्षी येऊन पिशवीला चोच मारायला लागला. "हट! भाग!" काका असे ओरडले की माझा नवरा अंथरुणातून उठून आला.

मग एक सुरकुतलेला हात आला आणि त्याने पिशवी उचलली.

"ए! चोर! छोड़ो! ताई, पोलीस बोलवा!"

कुठले पोलीस बोलवू, इथल्या आलमबागचे? चित्र गरगरलं आणि पांढऱ्या केसांच्या एका म्हातारीचा चेहरा दिसला. लाटा वर चढत होत्या, सगळं भिजलं असतं, म्हणून तिने पिशवी आणि मोबाइल वर नेले होते. तिचं इंग्रजी मी काकांना समजावलं आणि वर चांगलंच झापलं, "आधी माफी मागा त्यांची!"

मला वाटलं, आता म्हातारीलाही विरोध. पण त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, बॅग छोड़ दो. माय गर्ल. देअर, वॉटर. नोबडी विथ हर. यू प्लीज सी माय गर्ल."

म्हातारीने मान डोलावली. पिशवी वाळूवर टाकून ती खाली बसली आणि तिने मोबाइल समुद्राकडे वळवला. खूप लांब, पाण्यात, एक काळं डोकं वर-खाली होत होतं. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून ते मला दाखवलं. पोरगी बाहेर येईपर्यंत त्यांनी ते बोट काढलं नाही.